रुग्णनोंदींचा वाढता भार आणि आमची व्यवस्था
(वार्षिक सभेतील निवेदन)



संगणकांवर पुन्हा खर्च कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींनी विचारला. त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बाह्यरुग्ण विभाग उघडला की केसपेपरची खिडकी, प्रयोगशाळा, औषधालय आणि वॉर्ड सारे एकाच डेटाबेसकडे धाव घेतात. एकच सर्व्हर अधिकाधिक बलवान करीत जावे, तर तो बंद पडताच सारेच ठप्प होते. म्हणून साध्या क्षमतेचे अनेक सर्व्हर जोडून भार वाटून घेण्याचा मार्ग आम्ही पत्करला.

कंटेनरांचा कारभार पाहणारी कुबरनेटीज ही प्रणाली गूगलने २०१४ साली सर्वांसाठी खुली केली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. परंतु डेटाबेसचे कंटेनर वाटेल तसे बदलता येत नाहीत. प्रत्येकाजवळ स्वतःची साठवण असते आणि त्यांत प्रमुख कोण, हे ठरलेले असावे लागते. ही जाण असलेला, अहोरात्र लक्ष ठेवणारा प्रोग्राम म्हणजे ऑपरेटर. ही कल्पना कोअरओएस या कंपनीने २०१६ साली मांडली. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेससाठी क्लाउडनेटिव्हपीजी हा ऑपरेटर आहे. हे सर्व मुक्त स्रोत असल्याने परवान्यापोटी देणगीतील एक रुपयाही जात नाही. फाइलीत प्रतींची संख्या तीनऐवजी पाच लिहिली की तो नव्या प्रती उभारतो, त्यांत जुन्या नोंदी उतरवतो. प्रमुख बंद पडल्यास उरलेल्यांतून दुसरा नेमतो. मात्र पाचही प्रती एकाच यंत्रावर ठेवल्या तर यातले काहीच साधत नाही. यंत्रे वेगळी हवीत, आणि खर्च तेथे आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रती वाढल्याने वाचनाची क्षमता वाढते, लेखनाची नव्हे. प्रत्येक नवी नोंद प्रमुखाकडेच लिहिली जाते. नेहमीच्या पद्धतीत ती अन्य प्रतींपर्यंत पोहोचण्यास थोडा विलंब लागतो, भार असल्यास अधिकच. मासिक अहवालास त्याची बाधा नाही. पण रुग्णास पेनिसिलीनची ॲलर्जी असल्याचे आत्ताच नोंदले असेल, तर वॉर्डातील परिचारिकेला ते दिसलेच पाहिजे. म्हणून ॲलर्जी, रक्तगट आणि चालू औषधे आम्ही प्रमुखाकडूनच वाचतो, त्याचा भार वाढला तरी बेहत्तर.

शिवाय चुकून पुसलेली नोंद सर्व प्रतींतून पुसली जाते. त्यामुळे बॅकअप वेगळ्याच जागी ठेवावा लागतो. यंदाच्या मागणीतील मोठा भाग त्या साठवणीसाठी आहे, आणि आपण प्रथम तोच मंजूर करावा अशी आमची नम्र विनंती आहे.