लहान होडीसाठी घरगुती एरियल



शिडाच्या होडीवर ज्यांनी एखादा तरी दिवस काढला आहे, त्यांना डोलकाठीचे महत्त्व सांगावयास नको. शीड तिच्यावर, रात्रीचा दिवा तिच्यावर, आणि रेडिओचे एरियलही तिच्याच टोकावर! सारा भार एकीवरच टाकण्यात सोय आहे, तसा धोकाही आहे.

काही वर्षांपूर्वी आग्वादच्या किल्ल्यासमोरून परतताना माझ्या होडीचा एक तणावा सुटला. त्याची खीळ झिजली होती आणि मी ती वेळीच पाहिली नव्हती. क्षणार्धात डोलकाठी पाण्यात आडवी झाली. आम्ही दोघेही सुखरूप होतो. रेडिओ चालू होता, बॅटरी भरलेली होती; पण एरियल डोलकाठीबरोबर गेले होते. ओहोटी आम्हांला बाहेर ओढीत होती. एका मच्छीमार होडीची नजर आमच्याकडे गेली, म्हणून निभावले. मदतीची हाक द्यावयाची वेळ येते, नेमके त्याच वेळी हाक देण्याचे साधन जाते, हे त्या दिवशी मला उमगले. तेव्हापासून घरी केलेले दुसरे एरियल मी नेहमी होडीत ठेवतो. त्याचीच माहिती आज सांगणार आहे.

एरियलचे माप लहरीच्या लांबीवरून ठरते. समुद्रावर संकटाची हाक १६ क्रमांकाच्या चॅनेलवर देतात. त्याची कंपने सेकंदाला १५ कोटी ६८ लक्ष. रेडिओलहरीचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. भागाकार केला की लहरीची लांबी सुमारे १ मीटर ९१ सेंटिमीटर येते. आपल्याला हवी तिची निम्मी लांबी, म्हणजे दोन भुजा, प्रत्येकी पाव लहरीची. प्रत्यक्ष तारेत हे माप थोडे कमी भरते. म्हणून प्रत्येक भुजा सुमारे ४५ सेंटिमीटर धरावी.

आता कृती पाहू. ५० ओहमची कोॲक्सियल केबल पाच-सहा मीटर घ्यावी. हिच्या मधोमध तांब्याची तार, तिच्यावर पांढरे वेष्टन, त्याभोवती तारांची विणलेली जाळी आणि सर्वांवर काळी साल असते. टोकाकडून ४७ सेंटिमीटर साल सोलावी. जाळी कापू नये. ती सैल करून पायमोज्यासारखी उलटी खाली ओढावी आणि सालीवर बसवावी. उघडी पडलेली मधली तार ही वरची भुजा, उलटलेली जाळी ही खालची. मधल्या तारेला जाळीचा एकही केस चिकटता कामा नये. जाळीच्या खाली त्याच केबलचे चार-पाच वेढे लहान वर्तुळात गुंडाळून बांधावे. त्यामुळे केबलच्या बाहेरच्या अंगावरून शक्ती वाया जात नाही. केबलच्या दुसऱ्या टोकाला रेडिओच्या मागील खाचेत बसणारा प्लग नीट डाख देऊन जोडावा.

भुजा मुद्दाम दोन सेंटिमीटर जास्त ठेवल्या आहेत. परावर्तित शक्ती मोजणारे यंत्र मध्ये जोडून, अगदी कमी शक्तीवर, १६ सोडून दुसऱ्या चॅनेलवर पाहावे आणि दोन्ही भुजा थोड्या थोड्या कापीत जावे. यंत्राचा काटा दीडच्या आत आला की काम झाले, दोनपर्यंतही चालते. एरियल न जोडता बोलण्याचे बटण कधीही दाबू नये. यंत्र जळू शकते. प्रक्षेपणाला सरकारी परवाना लागतो, हेही विसरू नये.

यापुढचा शत्रू म्हणजे खारे पाणी. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते जाळीत चढते आणि तांबे हिरवे पडते. म्हणून सारे एरियल प्लॅस्टिकच्या नळीत घालून दोन्ही तोंडे पक्की बंद करावी. धातूची नळी मुळीच चालणार नाही; तिच्यातून लहर बाहेर पडत नाही.

उंची किती हवी? मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला चाराने गुणावे. साधारण तितके किलोमीटर लहर पोचते. समोरच्याचा हिशेब वेगळा करून त्यात मिळवावा. समजा, ट्रॉलरचे एरियल ९ मीटर उंच आहे. त्याचे १२ किलोमीटर. आपले एरियल वल्ह्याला बांधून ४ मीटरवर उभे धरले, तर आपले ८. एकूण २० झाले! हातातला लहान रेडिओ बसल्या जागी मीटरभर उंचीवर धरला, तर एकूण १६. त्यातही मोठ्या लाटेच्या खोलगटात होडी गेली की तेही उरत नाहीत. शिवाय हातातल्या यंत्राची शक्ती ५ वॅट, होडीत बसविलेल्या यंत्राची २५. तेव्हा मोठे यंत्र मुके होऊ देऊ नये, हेच खरे.

२०१८च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ या गोव्यात बांधलेल्या नौकेची डोलकाठी मोडली. पाठीला जबर दुखापत झालेली असताना उपग्रहामार्फत पाठविलेले छोटे लेखी संदेश त्यांच्या उपयोगी पडले आणि पुढे एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. तेथे जवळपास कोणी नव्हते. आपल्या घरगुती एरियलची हाक एवढ्या दूर पोचली नसती. पण धडा तोच आहे : जे साधन डोलकाठीवर अवलंबून नाही, तेच डोलकाठी गेल्यावर कामास येते.

एरियल करून झाले, की ते गुंडाळून कपाटात ठेवू नका. एखाद्या शांत दिवशी, बंदरात, डोळे मिटून ते जोडून पाहा. अंधारात, भिजलेल्या हातांनी जे जोडता येईल, तेच खरे आपले.