मृत्युकर गेला कसा?



मेलेल्या माणसाच्या मालमत्तेवरचा कर हा विषय वसंतातल्या संध्याकाळी कोणाला रुचणार? परंतु समोर वाडेवाले आहेत तसे भाडेकरूही आहेत. दोघांच्याही उपयोगी पडेल असे बोलण्याचा आम्ही यत्न करू.

हा कर आपल्याकडे १९५३ साली आला. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. एक लाखापर्यंतची मालमत्ता मोकळी. एकत्र हिंदु कुटुंबातील हिश्शाला मर्यादा पन्नास हजारांची. पिढ्यान्‌पिढ्या साचलेले धन थोडे पांगावे आणि राज्यांच्या विकासकार्याला पैसा मिळावा, हा हेतू. पुढे दर चढत चढत वीस लाखांवरील भागाला शेकडा ८५ झाला. ऐकून छाती दडपते! आणि तिजोरीत पडले किती? १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंग यांनी अर्थसंकल्पात सांगितले, की सुमारे २० कोटी, आणि वसुलीचा खर्च त्यामानाने भारी.

असे का व्हावे? ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याच्याजवळ वकीलही असतो. मरणापूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेले दान हिशेबात धरत. तेव्हा शहाणा मनुष्य, पुढे दानकर भरून का होईना, वेळीच मुलानातवंडांच्या नावे करून मोकळा होई. अडके तो अकस्मात गेलेला. मागे विधवा, डोक्यावर जुना वाडा, भाडे मूठभर, हाती रोकड नाही, आणि अधिकारी विचारतो वाड्याची बाजारकिंमत! हा आक्षेप खरा आहे, तो आम्ही झटकून टाकीत नाही. पण त्यावर उपाय सूट वाढविण्याचा होता, हप्ते लांबविण्याचा होता, आणि दर असा ठेवण्याचा होता की चुकविण्यापेक्षा भरणे स्वस्त पडावे.

सिंगसाहेबांचा आणखी एक मुद्दा होता. जिवंतपणी संपत्तिकर आणि मेल्यावर हा. एकाच मालमत्तेला दोन कायदे कशाला? बरे, एक गेला, एक राहिला. परंतु २०१५ साली अरुण जेटली यांनी राहिलेलाही काढून टाकला. त्याचे उत्पन्न वर्षाला सुमारे १००८ कोटी होते. त्याच्या जागी वर्षाला एक कोटीहून अधिक मिळकत असणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार बसविला. म्हणजे भार पडला तो मिळकतीवर, साठ्यावर नव्हे. दोन नकोत म्हणून पहिला काढला होता, ही गोष्ट दुसरा काढताना कोणाच्या ध्यानी राहिली नाही.

आज वडिलांच्या मागे मुलाला शंभर कोटींची इस्टेट मिळाली, तर त्या मिळण्यावर एक पैसाही आयकर नाही. पुढे तीतून भाडे येईल, व्याज येईल, त्यावर तेवढा.