घाव आणि विसावा
(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचा ठोक्यांचा नाद हीच आपल्या समाजाची ओळख. त्या ठोक्यांनी पत्र्याचा हंडा कसा होतो आणि तेच काम कारखान्यात यंत्र कसे करते, हे सांगण्याचा आमचा मानस आहे.

धातूस आकार देण्याचे ढोबळ मानाने चार मार्ग आहेत. वितळवून साच्यात ओतणे, ठोकून अथवा दाबून घडविणे, नको तो भाग तासून काढणे आणि सुटे भाग झाळून जोडणे. अलीकडे धातूची पूड थरावर थर वितळवून वस्तू उभी करण्याची पाचवी रीतही निघाली आहे. तांबे वितळण्यास सुमारे १०८५ अंश सेल्सियस उष्णता लागते. आपला तांबट तेथवर जात नाही. त्याचा मार्ग मुख्यत्वे घडाईचा.

पत्र्याचा गोल कापून तो ठोकू लागला की तांबे वळते, पसरते; परंतु प्रत्येक घावागणिक कठीणही होत जाते. न थांबता ठोकत राहिल्यास त्यास चीर पडते. म्हणून कारागीर मध्येच भांडे भट्टीत लाल करतो व पाण्यात बुडवितो. पोलाद लाल करून असे बुडविले तर कडक होते. तांबे मात्र मऊच राहते आणि पुन्हा घाव सोसण्यास सिद्ध होते. शेवटी येतो मठार. गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने ओळीने ठोके देत गेले म्हणजे भांड्यास झळाळी येते. तो केवळ शृंगार नव्हे. त्यानेच भांडे ताठ होते व सहजी पोचे येत नाहीत.

असे का होते? धातूच्या आत अणूंच्या ओळी असतात व त्या रचनेत जागोजाग दोष असतात. ते दोष सरकतात म्हणूनच धातू न तुटता वळतो. घाव वाढले की दोषांची गर्दी होऊन ते परस्परांची वाट अडवितात. भट्टीच्या उष्णतेने रचना पुन्हा नव्याने बसते. हे कोडे टेलर, ओरोवान व पोलान्यी या तिघा शास्त्रज्ञांनी १९३४ साली स्वतंत्रपणे उलगडले. आपल्या पूर्वजांस कारण ठाऊक नव्हते. उपाय मात्र ठाऊक होता.

यंत्रासही या नियमातून सुटका नाही. कारखान्यातील प्रेसमध्ये धातूची चकती साच्यावर ठेवून ठसा दाबतात व तिची वाटी होते. मात्र खोल भांडे एका दाबात काढू गेल्यास पत्रा फाटतो. काडतुसाची पितळी नळी म्हणूनच टप्प्याटप्प्याने ओढतात व मधून मधून तापवून मऊ करतात. या नळ्यांची एक कथा बोधप्रद आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यात साठविली असता आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया हे एक कारण. दुसरे, ओढताना पितळात कोंडून राहिलेला ताण. १९२१ साली याचा उलगडा झाला. मंद उष्णतेने तो ताण उतरविणे हा त्यावरील इलाज ठरला. घाव देऊन विसावा न दिलेला धातू बाहेरून धड दिसतो आणि अवचित दगा देतो.

बंधूंनो, आमचे आयुष्य शिक्षकीत गेले. कारागिराचा मुलगा अभ्यासात मागे पडला की, "शिकला नाहीस तर बापासारखा हातोडा धरावा लागेल," असे आम्ही वर्गात म्हणत असू. त्यात त्याचे हित आहे असे आम्हांस वाटे. ते भय अगदीच निराधार नव्हते. भट्टीची आच, तुटपुंजी मजुरी आणि ठोक्यांनी अधू झालेले कान आम्हीही पाहिले होते. परंतु त्या एका वाक्याने आपण त्याच्या बापाचा अपमान करीत आहोत, हे ध्यानी आले नाही. घरी तो रोज पाहत होता तेच पदार्थविज्ञान, हे त्यास सांगण्याचे आमच्याकडून राहून गेले. ती मुले हातोड्यापासून दूर गेली, याचे काही उत्तरदायित्व आमच्याकडे येते.

म्हणून दोन विनंत्या. मुलगा असो वा मुलगी, ज्यास धातूची आवड असेल त्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अथवा अभियांत्रिकीस अवश्य पाठवा; कानांस संरक्षण देऊन घरच्या ऐरणीपाशीही बसवा. आणि ज्या वृद्ध कारागिरांच्या हाती आजही मठार आहे त्यांनी आपली विद्या मुठीत ठेवू नये. कोणत्या कामास कोणता हातोडा, भांडे किती लाल झाले म्हणजे बाहेर काढावे, हे ते सांगतील व तरुणांनी लिहून घ्यावे. लिहिणारा कोणी न मिळाल्यास आम्ही वही घेऊन त्यांच्या दारी येऊ. आमच्या हातून झालेल्या चुकीची तेवढी तरी भरपाई होईल.