म्हातारपण आणि चंक्रमण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही डॉक्टर नाही. गिरणीत पाळ्या करता करता मिळेल ते वाचलं, पटलं ते चारचौघांत सांगितलं. आज बोलायचं आहे ते गावाकडून ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आलेल्या आपल्या म्हाताऱ्या माणसांविषयी.

आमची आई मराठवाड्यातली. १९७२ च्या दुष्काळात तिनं खडी फोडली. वडील गेल्यावर आम्ही तिला डोंबिवलीला आणलं, तिसऱ्या मजल्यावर. सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, लई कष्ट केलेत, आता बसा." आम्हीही तेच म्हणालो. म्हातारी बसली. दोन वर्षांत गुडघे धरले, आणि एके दिवशी न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलं. बंधूंनो, आम्ही मायेपोटीच तिचे पाय काढून घेतले होते!

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा. थोडं बरं वाटल्यावर बागेत नेलं. अंगात नऊवारी, पायात साधी चप्पल. बूट घालून पळणारी माणसं बघून ती अवघडली. हास्यमंडळात बसवली तर म्हणाली, "कारण नसताना हसायला मला काय याड लागलंय का?" चूक तिची नव्हती. जन्मभर ती कामासाठी चालली, पाण्याला, शेताला, बाजाराला. नुसतं चालण्यासाठी चालणं तिला ठाऊकच नव्हतं.

पण चालणं आपल्याला नवीन आहे का? २० मार्च १९२७ ला महाडला आपले लोक बाबासाहेबांबरोबर चवदार तळ्यापर्यंत चालतच गेले. १९७९ मध्ये नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, त्यात चाललेले तरुण आज सत्तरीच्या घरात आहेत. भगवान बुद्ध तर वयाच्या ८० व्या वर्षी राजगृहापासून कुसिनारेपर्यंत पायी गेले. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : लांबची वाट चालवते, मेहनत झेपते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि चित्ताची एकाग्रता टिकते.

मग आम्ही तिला व्यायाम कर म्हणायचं सोडलं. "आई, विहारात चंक्रमणाला चल," म्हणालो. काठी घेऊन लगेच उठली! तिच्या बरोबरीच्या चार आयाबाया आल्या. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटं मुकाट्यानं सभागृहात फेऱ्या. वर्षावासात ग्रंथवाचन तासभर चालतं, त्यातही मध्ये उठून फेऱ्या. बाहेर चिखल, निसरडं, म्हणून पावसाळाभर आतच. आज आई काठी टेकत का होईना, पण स्वतःच्या पायांनी विहाराची पायरी चढते.

अनुभवातून चार गोष्टी कळल्या. पहिली, वेळ त्यांना विचारून ठरवा. नळाला पाणी यायच्या नि नातवंडांच्या शाळेच्या वेळेला कोणी येणार नाही. दुसरी, बायकांना बायकांची सोबत द्या. तिसरी, लुगडं असो की धोतर, कपडे बदलायला लावू नका. फक्त चप्पल मागून पट्ट्याची असू द्या. चौथी, ज्यांना गुडघ्यांवर बसून पंचांग प्रणाम जमत नाही त्यांना खुर्ची द्या, पण घरी बसवू नका.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हाताऱ्या माणसांनीही आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल न लागेल असं चालावं, आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचा सराव करावा. रोज दहा-दहा मिनिटं तीनदा चाललं तरी हिशोब जमतो. तोलासाठी भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहावं, हात न टेकता खुर्चीवरून उठावं. शेजारी कोणीतरी असावंच. हृदयविकार, रक्तदाब, साखर असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. छातीत दुखलं, चक्कर आली की लगेच थांबावं.

तरुणांना एकच विनंती. "बसा, आम्ही करतो" हा आदर नव्हे. भाजी निवडू द्या, दुकानापर्यंत जाऊ द्या, सोबतीला तुम्ही चला. ज्या पायांनी आपल्याला गावातून इथवर आणलं, ते पाय बसून थिजू देऊ नका.