बालकांचा योग : अहिंसेचा पहिला पाठ



पतंजलींच्या अष्टांगयोगात आसनाचे स्थान तिसरे आहे. त्याआधी यम आणि नियम येतात आणि यमांत अग्रस्थानी अहिंसा आहे. शाळांतील योगवर्गात मात्र हा क्रम अनेकदा विसरला जातो. २१ जूनचा योगदिन किंवा स्नेहसंमेलन जवळ आले, की पाठीवर दाब देऊन मुलांना वाकवले जाते. ज्याला जमत नाही, तो मागच्या रांगेत जातो. अहिंसेचा भंग तेथेच होतो.

१९३७ साली पुण्यात योग शिकवण्यास आलेले बी. के. एस. अय्यंगार बालपणी मलेरिया, क्षय अशा व्याधींनी जर्जर झाले होते. आजच्या प्रात्यक्षिकात तेही कदाचित मागच्याच रांगेत उभे राहिले असते!

बालकांचा स्वभाव चंचल. म्हणून त्यांना एकाच आसनात दीर्घकाळ थांबवू नये. वृक्षासन, भुजंगासन ही नावे उच्चारताच झाड आणि नाग त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या कल्पनेनेच शरीर वळू द्यावे. श्वास रोखून धरणारा कुंभक बालवयात टाळावा. अखेरीस दोन मिनिटे शवासन द्यावे.

शाळेत वा समाजमंदिरात रोजची पंधरा मिनिटे यासाठी पुरेशी आहेत. मागच्या रांगेतील मूल दुसऱ्या दिवशी आनंदाने परत येते काय, हीच शिक्षकाची खरी परीक्षा होय.