दुकानातल्या वह्या





कागद गिरणीच्या बल्लारपूरला कागदाचं महत्त्व मी काय सांगावं! फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. त्या आधी ती वाचून काढायच्या. गिऱ्हाईक नसलं की वहीत लिहायच्या आणि घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून वही लपवायच्या. असं वीस वर्षं चाललं. 1986 साली त्याचं ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं, एका दलित बाईचं आत्मकथन.

असं पुस्तक वाचून आपण हळहळतो आणि कपाटात ठेवून देतो. पुणे विद्यापीठात समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांना ही हळहळ पुरेशी वाटली नाही. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर त्यांनी 2006 साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. लॅटिन अमेरिकेत पिचलेल्यांच्या अशा कथनाला साक्ष मानतात. रेगेंनीही तसंच वाचलं. बाई ‘मी’ म्हणते तेव्हा वस्ती बोलत असते. जात चुलीपाशी नि लग्नात कशी चालते, हे ती उलगडून दाखवते. मग तिला सिद्धांत मांडणारी का म्हणू नये?

माणसाला दडपणारं कोण, असं विचारलं की वसाहतवाद म्हणत इंग्रजांकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. सोयीचं असतं ते. रेगेंनी बोट घराकडे, आपल्या जातीकडे वळवलं आणि विचाराचा आधार फुले-आंबेडकरांत शोधला. 2013 मध्ये, अवघ्या 48 व्या वर्षी त्या गेल्या.

अशी साक्ष म्हणून आपल्या नागपूरच्या कुमुद पावडे घ्या. दलित घरातली मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली, पण नोकरी मिळाली ती लग्नानंतर, आडनाव बदलल्यावर! ‘अंतःस्फोट’मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलंय. एका आडनावाची किंमत इतकी स्वच्छ मांडणारा शोधनिबंध मी तरी वाचलेला नाही.

आता मुला-मुलींनो, तुमचं काम. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी शेजारी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा दिली. तिथे गेलेल्या बाया आज ऐंशीच्या पुढे असतील. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, बोलतं करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं. तुम्हीही सुट्टीत वही घेऊन बसा. विचारा, आजी, तू पायी गेलीस की बंडीनं? लेकरं कुणाजवळ ठेवली? घरातले देव काढले तेव्हा सासू काय म्हणाली? तेंदूपत्त्याची मजुरी कोणाच्या हातात पडायची? आणि ती म्हणाली, ‘माझ्यात काय लिहायसारखं आहे बाई’, तरी उठू नका.