बसतं म्हणजे चालतं का?

बचत गटाच्या गप्पांमध्ये आज शेळी नाही, शिलाई मशीन नाही. आज आम्ही कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका, गटाचे १४,००० रुपये त्यात अडकले होते.

आमचा गट भिगवणच्या बाजूचा, उजनीच्या पाणफुगवट्याच्या काठावरचा. थंडीत इथे रोहित येतात, पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात, आणि त्यांच्यामागे हातभर लांब लेन्स घेतलेले पाहुणे येतात. घरची माणसं होड्या चालवतात, आम्ही मासे-भाकरीचं जेवण देतो. आमच्यातल्या एका ताईची लेक या पाहुण्यांचं बघून बघून फोटो काढायला शिकली. जुना, सुरुवातीच्या श्रेणीचा डीएसएलआर आणि १००-४०० मिलिमीटरची जुनी लेन्स तिने स्वतःच्या कमाईतून घेतली. फोटो छापून ती पाहुण्यांना विकते.

होड्या पक्ष्यांच्या फार जवळ न्यायच्या नाहीत, असं आमच्या घरांमध्ये ठरलेलं आहे. जवळ गेलं की थवा उठतो, चरणं मोडतं. म्हणून पक्षी लांब, फोटो लहान. त्यावर पोरीला टेलिकन्व्हर्टर सापडला. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे बसणारं हे छोटं भिंग. १.४ पटीचा लावला की ४०० ची लेन्स ५६० ची होते. तिच्या आईने गटाकडे कर्ज मागितलं. आम्ही विचारलं, "तुझ्या लेन्सला बसतं ना?" पोर म्हणाली, "बसतं मावशी, दुकानदाराने बसवून दाखवलं." आम्ही सह्या केल्या.

बसत होतंच. पहिल्या सकाळी रोहितांचा थवा उठला आणि लेन्स खर्र करून पुढे, खर्र करून मागे. थवा पार पलीकडच्या काठाला गेला तरी फोकस लागला नव्हता. सगळे फोटो धुरकट.

दोष कशाचा, हे आमच्याकडे जेवायला येणाऱ्या एका छायाचित्रकार काकांनी समजावलं. आम्हाला समजलं तसं सांगतो.

लेन्सचं तोंड आहे तेवढंच राहतं, लांबी मात्र वाढते. म्हणजे पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी घालावं, तसा तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. १.४ पटीला प्रकाश निम्मा होतो, २ पटीला चौथा हिस्सा उरतो. पोरीची लेन्स लांब टोकाला एफ ५.६ ची. १.४ पटीने ती एफ ८ झाली. २ पटीचा घेतला असता तर एफ ११.

आता फोकसचं. डीएसएलआर लेन्सच्या दोन कडांमधून आलेला प्रकाश ताडून बघतो आणि अंतर ठरवतो, आपण दोन डोळ्यांनी सुईत दोरा ओवतो तसं. एफ आकडा वाढला की त्या कडांचा प्रकाश फोकसच्या सेन्सरपर्यंत नीट पोचतच नाही. एक डोळा मिटून दोरा ओवायला बसा म्हणजे कळेल. साध्या डीएसएलआरची मजल साधारण एफ ५.६ पर्यंत. वरच्या श्रेणीचे काही कॅमेरे एफ ८ पर्यंत जातात, तेही पुष्कळदा फक्त मधल्या बिंदूवर किंवा मोजक्या बिंदूंवर. काही कन्व्हर्टर कॅमेऱ्याला खरा आकडा कळवतात, मग कॅमेरा सरळ नकार देतो. काही कळवत नाहीत, मग तो बिचारा चाचपडत राहतो. आमचा दुसऱ्या जातीचा.

नवे मिररलेस कॅमेरे मुख्य सेन्सरवरच फोकस करतात, त्यांचं एफ ११ लाही जमतं. पण पहाटेच्या अंधुक उजेडात तेही अडखळतात. शिवाय फोकस लागला तरी वेग तोच राहील असं नाही. कॅननने तर आपल्या डीएसएलआरच्या एक्स्टेंडरबद्दल स्वतःच सांगितलं आहे की अचूकपणासाठी फोकसचा वेग १.४ पटीला निम्म्याने आणि २ पटीला पाऊणपटीने कमी केला जातो. बसलेल्या बगळ्याला ते चालेल, झेपावणाऱ्या सुरयला नाही. आणि काही लेन्सना तर हे भिंग बसवूच नये. त्याचा पुढे आलेला भाग लेन्सच्या मागच्या काचेवर आपटतो.

पोरीने लाइव्ह व्ह्यू करूनही पाहिलं. त्यात आरसा वर जातो आणि कॅमेरा मुख्य सेन्सरवरून फोकस करतो. काठावर तिवई लावून बसलेला पक्षी मिळाला, हळूहळू का होईना. होडीत मात्र तिवईही डुलते. दुपारी पाण्यावरची हवा थरथरायला लागली की कुठलंच भिंग उपयोगाचं नाही, हे काकांनी वर आणि सांगितलं.

मग बैठक. एक जण म्हणाली, पोरीचं वय लहान, व्याज माफ करा. दुसरी ताडकन बोलली, "माझी म्हैस मेली तेव्हा केलं होतं का माफ?" बराच वेळ कुणी बोलेना. खरं तर चूक आमचीही होती. म्हशीसाठी कर्ज देताना आम्ही दात मोजतो, धार काढून बघतो. इथे एका शब्दावर सह्या केल्या.

शेवटी काकांनी भिंग आपल्या कॅमेऱ्याला लावून बघितलं. त्यांचा कॅमेरा त्याच कंपनीचा, पण वरच्या श्रेणीचा. मधल्या बिंदूवर फोकस लागला. त्यांनी ते ९,००० ला घेतलं. उरले ५,०००. व्याज माफ झालं नाही, हप्ता ५०० चा करून दिला.

पोर आता भिंगाशिवाय फोटो काढते आणि कडा कापून पक्षी मोठा करते. धुरकट मोठ्यापेक्षा हे बरं, असं तिचं मत आहे. आमच्या जेवणाच्या शेडमध्ये तिने टांगलेला पट्टकादंब परवाच एका पाहुणीने विकत घेतला. त्यातून पहिला हप्ता आला. आता त्या खिळ्यावर लावायला दुसरा फोटो हवाय, म्हणून ती उद्या पहाटे पाचच्या होडीला जाणार आहे.